कळंब्याच्या तुरुंगात बसून ब्राऊन शुगर सुटत नाही

पत्र: माझा धाकटा भाऊ 27 वर्षांचा आहे. पुण्यात नोकरीला असताना ब्राऊन शुगरची सवय लागली, त्याला तीन वर्षं झाली. सुई घेत नाही, पन्नीवर ओढतो. आता शिरोलीत फौंड्रीत कामाला जातो. गेल्या महिन्यात पोलिसांनी पकडलं, पंचनाम्यात 2.4 ग्रॅम लिहिलंय. आठ दिवसांनी जामीन झाला आणि घरी आल्यावर पाचव्या दिवशी पुन्हा ओढलं. झोप येत नाही म्हणून रात्री गोळ्याही घेतो. आबा म्हणतात, सहा महिने कळंब्यात बसू दे, आपोआप ताळ्यावर येईल. काकांनी एक खाजगी केंद्र बघितलंय. तिथं सहा महिने आत ठेवतात, औषध देत नाहीत. वकील म्हणतात, गुन्हा कबूल करा, दंड भरा, विषय संपवा. ब्राऊन शुगरऐवजी देतात त्या मेथाडोन औषधाबद्दल मी वाचलं. ते खरंच लागू पडतं का? शिक्षेऐवजी कोर्ट ते मान्य करतं का? आणि कोल्हापुरात राहून ते घ्यायचं कसं?
— एक बहीण, राजारामपुरी

ताई, आधी थोडक्यात उत्तर. मेथाडोन लागू पडतं, पण डोस पुरेसा हवा आणि उपचार लांबवर चालवायला हवा. 2.4 ग्रॅमच्या प्रकरणात शिक्षेऐवजी उपचाराची वाट कायद्यातच आहे. कोल्हापुरात राहून मात्र मेथाडोनपेक्षा त्याच कामाची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जमण्यासारखी आहे. आणि गुन्हा कबूल करायची घाई अजिबात करू नका.

हे सगळं सविस्तर सांगतोच. पण तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी कोर्टाच्या तारखेपेक्षा तातडीच्या आहेत: आठ दिवसांच्या खंडानंतर पुन्हा ओढणं, आणि वर झोपेच्या गोळ्या. ब्राऊन शुगर म्हणजे भेसळीचं हेरॉइन. ते पचवण्याची शरीराची ताकद चढते तशी उतरतेही, आणि उतरायला आठवडाभराचा खंड पुरतो. पकडण्याआधी जेवढं ओढत होता तेवढंच आता ओढलं तर श्वास मंदावत जाऊन थांबू शकतो. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम यांसारख्या गोळ्या किंवा दारू जोडीला असेल तर धोका आणखी वाढतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा एक मोठा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका इतर लोकांच्या 129 पट होता. तुमचा भाऊ याच टप्प्यात आहे.

म्हणून घरातल्या सगळ्यांना हे माहीत असू द्या. घोरल्यासारखा, अडखळत येणारा श्वास, निळसर पडलेले ओठ आणि नखं, अगदी बारीक झालेल्या बाहुल्या, आणि छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोरात घासूनही जाग न येणं, ही अतिमात्रेची लक्षणं. लगेच 108 ला फोन करा आणि लाज न बाळगता सांगा, ‘हेरॉइन घेतलंय, श्वास मंद झालाय.’ त्यावर नॅलोक्सोनचं इंजेक्शन आहे आणि ते मिनिटांत काम करतं. गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर झोपवा. श्वास थांबलाच तर उताणा करा, हनुवटी वर उचला, नाक दाबा आणि दर पाच सेकंदांनी तोंडाने एक श्वास द्या. कांदा हुंगवणं, डोक्यावर पाणी ओतणं, मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत उतरते. नॅलोक्सोनचा असर तास-दीड तासात ओसरतो, हेरॉइन मागे उरतं. म्हणून शुद्धीवर आला तरी दवाखान्यातून लगेच घरी आणायचा नाही. झोपेच्या गोळ्या मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवाव्या लागतात.

आता आबांचं म्हणणं. टर्की, म्हणजे माल बंद झाल्यावर होणारा त्रास, कळंब्यातही उतरते, त्यात शंका नाही. शेवटच्या पुडीनंतर 8 ते 24 तासांत नाक-डोळे गळायला लागतात, हाडं दुखतात, जुलाब, उलट्या, काटा येणं सुरू होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते टोकाला जातं आणि सात ते दहा दिवसांत ओसरतं. घरच्यांना वाटतं, सुटलं. पण ओढ, उडालेली झोप, कशातच मन न रमणं हे पुढे कित्येक महिने चालू राहतं. कैदेत माल मिळत नाही म्हणून माणूस कोरडा राहतो आणि शरीराची पचवण्याची ताकद शून्यावर येते. मग तो सुटतो, बाहेर जुना नंबर फोनमध्ये असतोच. सहा महिन्यांची शिक्षा म्हणजे पत्रात लिहिलेला आठ दिवसांचा प्रकार अधिक धोकादायक पद्धतीने पुन्हा करणं.

हे नुसतं अनुमान नाही. स्वीडनमध्ये 2003 साली एक छोटा पण चोख प्रयोग प्रसिद्ध झाला. हेरॉइन घेणाऱ्या 40 जणांना सारखंच समुपदेशन दिलं. त्यातल्या 20 जणांना रोज 16 मिलिग्रॅम ब्युप्रेनॉर्फिन वर्षभर चालू ठेवलं, उरलेल्या 20 जणांचं सहा दिवसांत उतरवून बंद केलं. वर्षाअखेर पहिल्या गटातले 75 टक्के उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातला एकही टिकला नव्हता आणि चौघे मेले होते. काकांनी बघितलेल्या केंद्रात भावाला ठेवण्याआधी हे चार मृत्यू आठवा. समुपदेशन वाईट नाही, तेही हवं. पण अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात औषधाशिवाय केलेलं समुपदेशन फार थोड्यांना पुरतं. दारूच्या व्यसनाची गोष्ट वेगळी आहे. तिथली रीत जशीच्या तशी इथे लावली जाते आणि फसते.

मेथाडोन काय करतं? हेरॉइन मेंदूतल्या ज्या ठिकाणी जाऊन बसतं तिथेच हेही बसतं, पण तोंडाने घेतल्यामुळे सावकाश चढतं आणि 24 ते 36 तास टिकतं. हेरॉइन चार-सहा तासांत उतरतं, म्हणून माणूस दिवसातून तीन-चार वेळा पैसे आणि पुडी यांच्या मागे असतो. मेथाडोनचा एकच डोस सकाळी प्यायला की दिवसभर टर्की येत नाही. डोस पुरेसा असेल तर वरून हेरॉइन ओढलं तरी फारसं चढत नाही. ब्युप्रेनॉर्फिन हे अर्ध्या ताकदीचं औषध. एका मर्यादेपलीकडे डोस वाढवला तरी श्वास आणखी दबत नाही, त्यामुळे ते मेथाडोनहून सुरक्षित. मात्र खूप जुन्या, खूप जास्त मात्रेच्या रुग्णांना कधी कधी ते अपुरं पडतं आणि मेथाडोन लागतं.

‘एक व्यसन काढून दुसरं लावलं’ हे तुम्हाला घरात आणि बाहेरही ऐकायला लागणार. शरीर या औषधावर अवलंबून राहतं हे खरं आहे. अचानक बंद केलं तर टर्की येते. हे आबांपासून लपवू नका. पण डोस बसलेला माणूस नशेत नसतो. तो पाळीवर जातो, हिशेब ठेवतो, रात्री झोपतो, उधारी करत नाही, आणि दर चार तासांनी पन्नी शोधत नाही.

पुरावा किती भक्कम आहे? न्यूयॉर्कमध्ये 1965 साली डोल आणि निस्वांडर या दोन डॉक्टरांनी 22 रुग्णांवरच्या उपचाराचा अहवाल प्रसिद्ध केला, तिथून याची सुरुवात. 1981 मध्ये स्वीडनमधल्याच एका प्रयोगात 34 जण होते, 17 मेथाडोनवर, 17 त्याविना. दोन वर्षांनी पहिल्या गटातल्या 12 जणांनी हेरॉइन सोडलं होतं, दुसऱ्यातल्या एकाने. 2017 मध्ये जगभरच्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली. मेथाडोन चालू असताना वर्षाला दर हजारी सुमारे 11 मृत्यू, उपचार सुटल्यावर 36. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

गुन्हेगारीचं काय, हा प्रश्न कोर्ट विचारेल, म्हणून सरळ उत्तर देतो. अनेक प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2009 च्या आढाव्यात मेथाडोनने रुग्ण उपचारात टिकतात आणि हेरॉइन कमी होतं हे ठामपणे दिसलं. गुन्हे कमी होण्याकडे कल दिसला, पण त्या मोजक्या प्रयोगांतून तो आकडेशास्त्राने पक्का ठरला नाही. म्हणून अर्जात ‘मेथाडोनने गुन्हेगारी संपते’ असं लिहू नये. सरकारी वकील ते दोन मिनिटांत खोडतील. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधला प्रयोग जास्त उपयोगी आहे. तिथे कैद्यांना सुटकेआधी तुरुंगातच मेथाडोन सुरू केलं. वर्षभराने त्यांच्यातल्या 25 टक्क्यांच्या लघवीत अफूजन्य पदार्थ सापडले. नुसतं समुपदेशन मिळालेल्यांत हेच प्रमाण जवळपास 66 टक्के होतं.

मेथाडोन भारतात 2012 पासून मोजक्या सरकारी केंद्रांत दिलं जातं. पातळ औषध असतं, 1 मिलिलीटरमध्ये 5 मिलिग्रॅम, आणि रोज नर्ससमोर प्यावं लागतं. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाऊन कोण डोस घेणार? म्हणून कोल्हापूरकराने ब्युप्रेनॉर्फिनच्या दिशेने विचार करावा. हे साध्या मेडिकल दुकानात मिळत नाही आणि दुकानदाराने मागच्या दाराने दिलंच तर घेऊ नका. तोही अमली पदार्थ कायद्याखाली येणारा पदार्थ आहे, जामिनावर असताना नवी केस ओढवून घ्याल. सुरुवात सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातून करा. केसपेपर काढा आणि विचारा, ‘ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन इथे सुरू होईल का, नसेल तर कुठे पाठवता?’ त्याच वेळी 14446 या केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करून जवळची सरकारी सोय विचारून घ्या. एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या ओएसटी, म्हणजे पर्यायी औषध देणाऱ्या, केंद्रांतही ब्युप्रेनॉर्फिनची गोळी फुकट मिळते, पण ती केंद्रं मुळात सुईने घेणाऱ्यांसाठी काढलेली आहेत. पन्नीवाल्याला तिथून परत पाठवलं तर वाद घालत बसू नका, मानसोपचार विभागाची चिठ्ठी आणा.

पहिला दिवस नीट गेला तर पुढचं बरंच सोपं जातं. ब्युप्रेनॉर्फिन टर्की सुरू झाल्यावरच द्यायचं असतं. शेवटच्या पुडीनंतर किमान 12 तास, बऱ्याचदा त्याहून जास्त. भाऊ भीतीपोटी पहाटे ओढून गेला आणि डॉक्टरांना ‘काल संध्याकाळी ओढलं’ असं सांगितलं, तर ही गोळी मेंदूतल्या त्या जागांवरून हेरॉइनला हुसकावते आणि अर्ध्या-एक तासात भयंकर टर्की आणते. ‘गोळीची रिॲक्शन आली’ म्हणत लोक कायमचे पळतात ते इथेच. डॉक्टर जांभया, बाहुल्या, घाम, नाडी यांचे गुण मोजतात, मग 2 ते 4 मिलिग्रॅम देतात, तासा-दोन तासांनी पुन्हा बघतात आणि लागलं तर आणखी देतात. पहिल्या दिवशी एकूण 8 मिलिग्रॅमपर्यंत. गोळी जिभेखाली ठेवायची, पाच ते दहा मिनिटं बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही, पाणी नाही, तंबाखू नाही. गिळली तर पोटातून फार थोडं औषध रक्तात पोचतं आणि संध्याकाळी टर्की येते. विरघळल्यावर चूळ भरायची, दातांसाठी ते चांगलं.

पुढच्या काही दिवसांत डोस वाढवून बसवतात. बहुतेकांना 8 ते 16 मिलिग्रॅमच्या दरम्यान लागतं. आपल्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. डॉक्टर घाबरून 2 किंवा 4 वर थांबतात, घरचेही म्हणतात कमीच बरं. मग रुग्ण संध्याकाळी वरून ओढतो आणि सगळे म्हणतात औषध फसलं. मेथाडोनचंही तसंच: सुरुवात 20 ते 30 मिलिग्रॅमने, पण टिकाव लागतो तो साधारण 60 ते 100 वर. मात्र मेथाडोन वाढवताना घाई चालत नाही. ते अंगात साठत जातं, चार-पाच दिवसांनी खरा परिणाम दिसतो, आणि पहिले दोन आठवडे म्हणूनच धोक्याचे असतात. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, त्यासाठी ईसीजी काढतात.

बाकी काय बिघडतं ते भराभर सांगतो. बद्धकोष्ठ आणि घाम दोन्ही औषधांनी येतो, त्यासाठी उपचार सोडायचा नसतो. टीबीचं औषध रिफाम्पिसिन मेथाडोनला वेगाने संपवतं, ब्युप्रेनॉर्फिनलाही कमी करतं. फिटच्या कार्बामाझेपिन, फेनिटॉइन या गोळ्यांनीही तसंच होतं. कुठलाही नवा डॉक्टर नवं औषध देत असेल तर हा उपचार चालू आहे हे सांगायचं. दातदुखीला किंवा पाठदुखीला ट्रामाडोल घ्यायचं नाही. नालट्रेक्सोन ही गोळी कुणी ‘व्यसन सोडवायला’ म्हणून दिली तर ती यांच्यासोबत चालत नाही. ती उलट काम करते आणि अंगात अफूजन्य काही असताना घेतली तर टर्की आणते. मेथाडोनचे तीनपेक्षा जास्त दिवस चुकले तर जुना डोस परत घ्यायचा नसतो, डॉक्टर पुन्हा खालून चढवतात. घरी गोळ्या देऊ लागले तर त्या कुलपात ठेवा. लहान मुलाच्या तोंडात एक गोळी गेली तरी जिवावर बेतू शकतं.

फौंड्रीचं काम आहे म्हणून एक सूचना. डोस बसेपर्यंतचे पहिले दोन आठवडे भट्टीजवळ, क्रेनखाली काम नको आणि मोटारसायकलही नको. पेंग येते. दवाखान्याची वेळ सकाळची असते, तेव्हा सुपरवायझरला आजाराचा उपचार चालू आहे एवढंच सांगून दुसरी पाळी मागून घ्या. आजाराचं नाव सांगायची सक्ती नाही. नोकरी सुटू देऊ नका. रिकामा दिवस या आजारात फार महाग पडतो.

किती दिवस घ्यायचं? मेथाडोनसाठी वर्षभर हा किमान काळ मानला जातो, बरेच जण कित्येक वर्षं घेतात आणि ठणठणीत कामं करतात. सोडायची वेळ आली तर दर दोन आठवड्यांनी 5 ते 10 टक्के कमी करत, मध्ये त्रास झाला तर थांबत. ‘लग्न ठरतंय, आता बंद कर’ अशी घाई घरच्यांनी करू नये.

आता कोर्ट. एफआयआरची प्रत काढा आणि कलमं बघा. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, हेरॉइनची अल्प मात्रा 5 ग्रॅमच्या आत आणि व्यापारी मात्रा 250 ग्रॅमच्या वर आहे. ब्राऊन शुगरमध्ये हेरॉइन थोडं आणि भेसळच फार असते, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालानुसार वजन पूर्ण मिश्रणाचं धरतात. 2.4 ग्रॅम दोन्ही हिशेबांनी आतच बसतं. तरी ते पुडीच्या कागदासकट आहे की निव्वळ, हे पंचनाम्यात पाहून घ्या. 21(अ) म्हणजे अल्प मात्रा बाळगणं, 1 वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 27(अ) म्हणजे सेवन, 1 वर्षापर्यंत किंवा 20,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. याखेरीज 29, म्हणजे कट किंवा साथ, लावलं असेल तर वकिलांशी त्यावर वेगळं बोला.

तुमच्या कामाचं कलम 64-ए. व्यसनी व्यक्तीवर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असेल आणि तिने स्वतःहून सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा शासनमान्य ठिकाणी उपचार घेतला, तर तिच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालवता येत नाही. उपचार पूर्ण केला नाही तर हे संरक्षण काढून घेता येतं. यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. ‘व्यसनी’ म्हणजे अवलंबित्व असलेली व्यक्ती, तेव्हा दवाखान्याच्या दाखल्यावर निदान स्पष्ट हवं: ओपिऑइड (अफूजन्य पदार्थांवरचं) अवलंबित्व, कोड एफ 11.2. नुसतं ‘व्यसनाधीन’ लिहिलेलं चालवून घेऊ नका. ‘स्वतःहून’ म्हणजे कोर्टाने सांगण्याची वाट न बघता आताच उपचार सुरू झालेला दिसला पाहिजे. आणि ‘शासनमान्य’मुळे काकांचं केंद्र बाद होण्याची शक्यता मोठी आहे.

‘उपचार पूर्ण’ या शब्दांवर खरी अडचण येते. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पंधरा-तीस दिवसांचं भरती करून डिस्चार्ज देणं असावं. ब्युप्रेनॉर्फिन चालू असलेल्या माणसाबद्दल सरकारी वकील म्हणू शकतात, ‘हा अजून औषधावर आहे, उपचार कुठे पूर्ण झाला?’ याची तयारी डॉक्टरांच्या पत्रात आधीच करून ठेवा. पत्रात टप्पे लिहून घ्या: डोस बसवणं, स्थिर होणं, देखभाल, प्रत्येकाचा अंदाजे काळ, आणि हा मान्यताप्राप्त, दीर्घ मुदतीचा उपचारच आहे हे वाक्य. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीच्या दहाव्या आवृत्तीत यासाठी स्वतंत्र कोडच आहे, एफ 11.22, म्हणजे वैद्यकीय देखरेखीखाली पर्यायी औषधावर असलेला रुग्ण. तो लिहिला की मुद्दा बराच सोपा होतो. सोबत हजेरीच्या नोंदींची प्रत, दर महिन्याचं प्रगतीपत्र आणि लघवीचे अहवाल जोडा.

लघवीच्या अहवालात एक खोच आहे. नेहमीची पट्टी मॉर्फीन शोधते. त्यात हेरॉइन दोन-तीन दिवस दिसतं, पण ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन दिसत नाही, त्यांची पट्टी वेगळी असते. कोडीनचं खोकल्याचं औषध प्यायलं तरी मॉर्फीनची पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते. अहवालावर कोणती पट्टी वापरली हे लिहून घ्या आणि खोकला झाला तर सिरप डॉक्टरांना विचारूनच घ्या.

अर्ज खटला चालवणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातो. सरकार पक्षाचं म्हणणं मागवलं जातं. निर्णय न्यायाधीशांचा, हमी कुणीच देऊ शकत नाही. मुंबईच्या विशेष न्यायालयाने 2012 मध्ये एका हिंदी सिनेनटाला 2001 सालच्या कोकेनच्या प्रकरणात याच कलमाखाली मोकळं केलं, त्यामुळे ही वाट न मळलेली आहे असं नाही. ती जमली नाही तर कलम 39 आहे. दोषी ठरल्यावरही कोर्ट आरोपीच्या संमतीने, बंधपत्रावर, त्याला उपचारासाठी सोडू शकतं. वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल द्यावा लागतो, तो समाधानकारक असेल तर समज देऊन तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर सुटका. पण यात दोषसिद्धी होते, म्हणून हा दुसरा पर्याय.

आणि वकिलांचा तो ‘दंड भरा’ सल्ला? कबुली म्हणजे दोषसिद्धी. ती नोकरीच्या पडताळणीत, पासपोर्टमध्ये पुढे येते, आणि पुन्हा पकडला गेला तर कमाल शिक्षा दीडपटीपर्यंत जाते. तीन वर्षं जुन्या व्यसनात पुन्हा पकडलं जाण्याची शक्यता कमी नाही. वकिलांना 64-ए बद्दल थेट विचारा. ते टाळत असतील तर 15100 या विधी सेवा हेल्पलाइनवर बोला, किंवा कसबा बावड्यात न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा. मुंबई उच्च न्यायालयाने 2020 मध्ये या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र धरले आहेत, त्यामुळे खिशात एक पुडी सापडली तरी जामीन पुन्हा मागावा लागेल. तारखेला गैरहजर राहायचं नाही, डोसची वेळ आणि तारीख एकाच सकाळी आली तर केंद्राला आदल्या दिवशी सांगायचं. आणि दुर्दैवाने कळंब्यात जावंच लागलं तर पहिल्याच दिवशी कारागृहाच्या डॉक्टरांना चालू डोसचं पत्र द्या.

काकांच्या केंद्राबाबत तीन गोष्टी विचारा: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी कुठे आहे, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून कितीदा येतात, आणि माणसाला नको असेल तर बाहेर पडता येतं का. हा कायदा व्यसनाच्या आजारालाही लागू आहे, आणि त्यात साखळीने बांधणं साफ बंद आहे. सहा महिने सरसकट कोंडून ठेवण्याची मुभा कुणालाच नाही. तिथे सहा महिने घालवून भाऊ औषधाशिवाय बाहेर आला तर तो पुन्हा त्याच दोन धोकादायक आठवड्यांत उभा असेल.

दवाखान्यात जायचं ते आठवड्याच्या सुरुवातीला जा, म्हणजे डोस बसवताना सलग चार-पाच दिवस ओपीडी उघडी मिळते. सोबत आधार कार्ड, एफआयआरची आणि जामीन आदेशाची झेरॉक्स, झोपेच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि आधीच्या कुठल्याही उपचाराचे कागद घ्या. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. आदल्या संध्याकाळनंतर ओढू नको म्हणावं, आणि तरी ओढलंच तर खरी वेळ कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्यायची. फार तर गोळी दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी मिळेल. रात्र कठीण जाईल. पाणी, मिठाची पेज, जुलाबाला ओआरएस, आणि खोलीत कुणीतरी जागं.